वादळाआधी सातबारा बघा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्ष व्हायच्या आत तौक्ते आलं. तौक्तेनंतर सरकारने बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, आणि नारळाच्या झाडाला २५०, सुपारीला ५० रुपये जाहीर केले. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला ५००. दहा मीटरवर लावलेल्या हापूसच्या एका कलमामागेही साधारण तेवढेच. एवढ्यात बाग पुन्हा उभी राहत नाही, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. दर वाढवून मागायलाच हवेत. पण आहे ती रक्कमही अनेकांपर्यंत पोचत नाही, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा आपल्याच घरात असतं.

आपला सातबारा काढून बघा. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी नाव त्यांचंच. खाली चुलत्यांची, आत्यांची नावं. निम्मे मुंबईत, एखादा कुठे आहे तेही ठाऊक नाही. बाग राखतो एकटा, पण सामाईक खात्याची मदत एकाच्या खात्यात घालायची तर तलाठी बाकीच्यांची संमती मागणारच. वादळानंतर वीज नाही, फोन लागत नाही, तेव्हा वीस सह्या कुठून आणणार? वारस नोंद आणि संमतीपत्र ही कोरड्या दिवसांतली कामं आहेत. ई-पीक पाहणीही तशीच. बागेत नारळ, सुपारी, जायफळ असताना सातबाऱ्यावर नुसतं गवत दिसत असेल, तर पंचनाम्याच्या वेळी वाद घालत बसावं लागेल. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, शेतकरी ओळख क्रमांक काढलाय ना, तेही याच फेरीत बघून घ्या.

वादळ झालंच, तर पडलेलं झाड तोडण्याआधी फोटो काढा. वाट मोकळी करायची घाई असते, समजतं. पण साफ केलेल्या बागेचा पंचनामा कसा होणार? तलाठी, कृषी सहाय्यक, ग्रामसेवक येतील तेव्हा स्वतः हजर राहा आणि झाडं मोजून लिहून घ्या. ३३ टक्क्यांच्या आत नुकसान लिहिलं गेलं, तर हेक्टरी मदत मिळत नाही.

रोपवाटिकावाल्यांनी जास्तच सावध राहावं. मदतीचे दर क्षेत्रावर किंवा लावलेल्या झाडावर ठरतात. पिशवीतलं आंब्या-काजूचं कलम यांतल्या कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही, आणि दहा गुंठ्यांत तर अशी हजारो कलमं मावतात. म्हणून परवाना चालू ठेवा, साठ्याची वही रोज लिहा, विक्रीच्या पावत्या घराबाहेरही कुठेतरी जपा. शेडनेट आणि कलमांचा वेगळा विमा मिळतो का, हे बँकेत विचारा. फळपीक विम्याच्या भरवशावर राहू नका. तो बागेतल्या उत्पादनक्षम झाडांसाठी आणि हवामानाच्या आकड्यांवर चालतो.

आणि मुंबईकरांनो, गणपतीला गावी याल तेव्हा येताना आधारकार्डाची प्रत आणा. दीड दिवसाचा असो की पाच, सगळे भाऊबंद तेव्हाच एका घरात भेटतात. हिश्श्यांचे जुने वाद मिटले नाहीत तरी चालेल. बाग राखणाऱ्याला संमतीपत्रावर सही तेवढी देऊन जा.