नाणेघाटाला राखणदार कधी देणार?

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री आणि मा. पर्यटन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

अर्ज झाले, स्मरणपत्रे झाली. विषय आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आता चारचौघांत लिहितो.

२०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलेत, आम्ही पेढे वाटले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि १२ किल्ल्यांत आमचा शिवनेरी आला, तेव्हा तर गावोगाव गुलाल उधळला गेला. त्या आनंदात आम्ही कुठेही कमी पडलो नाही. पण शिवनेरीच्या पश्चिमेला चावंड आहे, हडसर आहे, जीवधन आहे. हे किल्ले त्या यादीत नाहीत. आणि जीवधनच्या शेजारी नाणेघाट आहे, ज्याचे वय या सगळ्या तटबंद्यांहून कितीतरी जास्त आहे.

घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी यज्ञांची दक्षिणा त्यात नोंदवली गेली : गायी १२, घोडा १, पुढे गायी १,७००. काही ठिकाणी शब्दांत लिहिले आणि पुन्हा आकड्यांतही लिहिले, म्हणजे हिशोबात गफलत नको. आज आपण जे आकडे गिरवतो त्यांच्या जुन्या पूर्वजांपैकी काही याच भिंतीवर आहेत. सिमुक, सातकर्णी हे राजे आणि नागनिका यांच्या मूर्ती समोरच्या भिंतीत कोरलेल्या होत्या. त्या गेल्या. वरची नावे उरली म्हणून कोण उभे होते ते कळते. महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजघराण्याचा हा दस्तऐवज कपाटात नाही, उघड्या डोंगरात आहे, आणि पावसाळ्यात उलटा धबधबा पाहायला येणारी गर्दी भिजल्यावर याच लेण्यात आडोशाला शिरते. ओले अंग त्याच भिंतीला टेकते. अक्षरांवरून हात फिरतात. खिशातली किल्ली निघाली की नाव कोरायला एक क्षण पुरतो.

त्या क्षणी तिथे अडवणारा कोण असतो? संसदेच्या स्थायी समितीसमोर २०२२ मध्ये आलेले आकडेच सांगतो. देशात केंद्राची संरक्षित स्मारके ३,६९३. राखणीसाठी गरज ७,००० माणसांची. देता आली २,५७८, आणि तीही फक्त २४८ ठिकाणी. उरलेली ३,४४५ स्मारके कुणाच्या भरवशावर? त्याआधी २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी पाहणी केली तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नव्हती. पुढे त्यांतल्या ४२ चा माग लागला, १४ शहरांनी गिळली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली. २४ चा २०२२ मध्येही पत्ता नव्हता. शासनाच्या कागदावर असलेली २४ स्मारके हरवतात आणि एकाही खुर्चीला त्याचा जाब द्यावा लागत नाही, हे आम्ही कसे समजून घ्यायचे?

कायदा कमी आहे असेही नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २०१० च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण पकडणाराच जागेवर नसेल तर ही शिक्षा फलकावरच राहणार. आणि नाणेघाट एकटा नाही. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी मिळून जुन्नरच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत, आडवाटेला, एकमेकांपासून लांब. सही करून गाडीत बसणाऱ्या पाहणी पथकाला ती एका दिवसात दिसत नाहीत.

पैसे नाहीत, असे उत्तर येईल. मग गर्दी बोलावण्याआधी हिशोब का केला नाहीत? पर्यटन तालुका म्हणून जाहीर करणे म्हणजे पाहुण्यांना आमंत्रण देणे आहे. आमंत्रण द्यायचे आणि घराला माणूस ठेवायचा नाही, हा निष्काळजीपणा आहे आणि त्याची जबाबदारी आपल्या दोघांवर आहे. केंद्राने राज्याकडे बोट दाखवायचे आणि राज्याने केंद्राकडे, तोवर दगडाची एकेक पापडी निघत राहणार. झिजलेले अक्षर कोणत्याही निधीतून परत येत नाही.

घाटघर आणि आसपासच्या वाड्यांतली महादेव कोळी समाजाची मुले हा डोंगर अंधारातही ओळखतात. पोटासाठी ती गाव सोडून जातात. त्यांनाच नेमा. बारमाही पगार द्या, ओळखपत्र द्या, अडवण्याचा अधिकार द्या. पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी लेण्यात एका वेळी किती माणसे जातील याची मर्यादा ठरवा. लेखाचे आजच्या स्थितीतले प्रत्येक अक्षर टिपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी काय गेले ते निदान सांगता येईल.

जुन्नर तालुक्यात केंद्राचे आणि राज्याचे प्रत्येकी किती रखवालदार आज नेमलेले आहेत आणि त्यांतले किती नाणेघाटावर आहेत, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर येत्या पावसाळ्याआधी लेखी द्यावे.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक रहिवासी