पोरांचा हसरा हिरो आणि घरच्यांची जबाबदारी

राजूरमधल्या आयांनो, बापांनो, आजी-आजोबांनो, ही विनंती तुमच्यासाठी आहे. तुमच्या घरातलं पोरगं फोनवर सुपरहिरोचा गेम खेळत असेल, तर पाच मिनिटं काढून हे वाचा.

आपल्याकडे उन्हाळा कडक. शाळा उघडायला जूनचा शेवट येतो. तोवर दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही. घरात कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. पोरांनी गोंगाट करू नये म्हणून फोन हातात दिला जातो. यात तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फोन दिल्यावर आत काय चालतं, ते तुम्हाला ठाऊक असावं.

आधी पोराला त्यात एवढं काय आवडतं, ते समजून घ्या.

‘लिटल सिंघम’चंच बघा. २०११ च्या ‘सिंघम’ चित्रपटातला बाजीराव सिंघम तुम्ही पाहिला असेल. त्याच्यावरून २०१८ साली लहान मुलांसाठी कार्टून मालिका आली. त्यातला पोलीस म्हणजे एक लहान मुलगा. तो मोठमोठ्या राक्षसांना लोळवतो आणि मध्येमध्ये हसवतोही. त्याच्यावर मोबाईलचा गेमही निघाला. हिरो आपोआप पळत राहतो. पोराने बोट वर सरकवलं की तो उडी मारतो, खाली सरकवलं की वाकतो. वाटेत नाणी गोळा करायची आणि अडथळे चुकवायचे.

लहान पोराला दिवसभर सगळे सांगत असतात. इथे बस, तिकडे जाऊ नको, अभ्यास कर. गेममध्ये मात्र त्याच्याएवढाच मुलगा सगळ्यांना भारी पडतो, आणि त्याला चालवणारं बोट पोराचं असतं. वर हसायला मिळतं, म्हणून राक्षसाची भीती वाटत नाही. हरलं तरी कुणी रागावत नाही. लगेच दुसरा डाव सुरू होतो.

आई-बापांनो, तुमचं बालपणही याहून वेगळं नव्हतं. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाला. चष्मा लावणारा, वेंधळा गंगाधर बघून तुम्ही हसला असाल. तोच गंगाधर शक्तिमान होतो, याचं तुम्हाला केवढं कौतुक होतं! पोरांची आवड तीच आहे. तिला वेड म्हणू नका.

फरक एवढाच की शक्तिमान अर्ध्या-पाऊण तासाने संपायचा. गेम आपण होऊन संपत नाही. तो थांबवायला घरातलं मोठं माणूस लागतं. म्हणून या गोष्टी करा.

पहिली गोष्ट, पैशाचं दार बंद करा. अशा बऱ्याच गेममध्ये नाणी, नवे कपडे, नव्या शक्ती खऱ्या पैशाने विकत मिळतात. पोराला ती खेळातलीच नाणी वाटतात. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं करून ठेवा. यूपीआयचा पिन पोरासमोर टाकू नका. प्रेमाने विचारलं तरी सांगू नका. चुकून खरेदी झालीच, तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरच पैसे परत मागा. उशीर केला तर काम अवघड होतं.

दुसरी गोष्ट, जाहिरातींवर नजर ठेवा. फुकटच्या गेमची कमाई बहुतेक जाहिरातींवर होते. हिरो धडकला की पुढे खेळण्यासाठी जाहिरात बघायला सांगतात. त्यातून पोरगं दुसऱ्याच ॲपवर जाऊन पोहोचतं. खेळा आणि पैसे जिंका असं कुठे दिसलं, तर ते तिथेच बंद करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आहे. जो गेम इंटरनेटशिवाय चालतो, तो खेळताना डेटा बंदच ठेवा. बऱ्याचशा जाहिराती तिथेच थांबतात.

तिसरी गोष्ट, गेम उतरवण्याआधी वयाचा आकडा बघा. प्ले स्टोअरवर गेमच्या नावाजवळ ३+, ७+, १२+, १६+, १८+ असं लिहिलेलं असतं. हसवणारा गेम म्हणजे लहानांचा गेम, असं धरून चालू नका. लाल मुखवट्याचा डेडपूल पोरांना खेळण्यासारखा दिसतो. तोही विनोदीच सुपरहिरो आहे. पण त्याच्यावरच्या २०१३ च्या गेमला युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का मिळाला होता. त्याचे चित्रपटही आपल्याकडे फक्त प्रौढांसाठी आहेत. त्यात रक्तपात आहे, घाणेरडी भाषा आहे. चित्र बघून भुलू नका, आकडा वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या.

चौथी गोष्ट, वेळ आधी ठरवा. फोन देतानाच सांगा, ‘दोन डाव झाले की फोन परत.’ मध्येच हिसकावून घेऊ नका. चालू डाव तुटला की पोरगं चिडतं, आणि मग भांडण गेमवरून उरत नाही, तुमच्याशी सुरू होतं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. तिथे रोजची वेळ लावता येते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की, दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तर बरंच. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको. घास भरवायला फोन लावत असाल, तर ती सवय हळूहळू सोडा.

पाचवी गोष्ट, जेवताना आणि झोपताना फोन नको. रात्री फोन मोठ्यांच्या उशाशी राहू द्या. झोप कमी झाली की पोरगं सकाळी शाळेत पेंगतं आणि घरी किरकिर करतं.

सहावी गोष्ट पोराच्या जिवाची आहे. गेममधला हिरो धडकतो आणि पुन्हा उठून पळायला लागतो. लहान पोराला वाटतं, आपणही उठू. आपल्या भागातल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक धावतात. गावात चुन्याच्या भट्ट्या आहेत. क्वार्टरच्या गच्च्या आहेत. म्हणून पोराला जवळ घेऊन स्पष्ट सांगा, ‘तो चित्रातला आहे, त्याला लागत नाही. तुला लागतं.’ एकदा सांगून भागत नाही. पुन्हा पुन्हा सांगा.

सातवी गोष्ट, पोराच्या बाजूला बसा. त्यालाच गेम शिकवायला सांगा. हिरोचं नाव विचारा. तो कुणाला वाचवतो, हसू कशाचं येतं, तेही विचारा. हिरो कुणाच्या जाडेपणावर किंवा तोतरेपणावर हसवत असेल, तर तिथेच म्हणा, ‘असं आपण वर्गात कुणाला म्हणायचं नाही.’ पोरगं तुमचं ऐकेल, कारण तुम्ही त्याच्या खेळात सामील आहात. शिवाय गेममध्ये काही वावगं दिसलं, तर ते लपवणार नाही. आधी तुमच्याकडेच येईल.

ऊन उतरलं की त्याला बाहेर न्या. पळणारा हिरो आवडतो ना, मग लगोरी, लंगडी, आट्यापाट्या खेळू द्या. मित्रांसोबत पळण्यातही तीच मजा आहे, आणि त्यात पोराचे स्वतःचे पाय पळतात.

काही पोरांचं मात्र जेवण सुटतं, झोप उडते, शाळा नकोशी होते. फोन काढला की ती मारायला धावतात. असं महिनोन्‌महिने चाललं तर मारझोड करू नका आणि लाजूही नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाचण्याची शक्यता जास्त.

एक गोष्ट आजी-आजोबांना. दुपारी नातवंडं बऱ्याचदा तुमच्याजवळ असतात. फोन वापरता येत नाही म्हणून गप्प बसू नका. वेळ संपली हे सांगायला फोन कळावा लागत नाही. आई-बापांनी ठरवलेली वेळ तुम्हीही पाळा. एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने लपून द्यायचं, असं झालं की पोरगं कुणाचंच ऐकत नाही.

पोरांचा हसरा हिरो त्यांच्याकडून हिरावून घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. आज संध्याकाळी खरेदीला पासवर्ड लावा, घरात सगळ्यांनी मिळून वेळ ठरवा, आणि एक डाव पोरासोबत बसून बघा.