रजेवर गेलेले मशीन

जानेवारीतल्या एका सकाळी साडेसहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. आपल्याकडे सकाळचे साडेसहा म्हणजे तिच्या ऑन्टारिओत आदल्या रात्रीचे आठ. चित्र दिसणारा फोन हवा असेल तर नंदिगड्ड्याच्या आमच्या घरी अंगणातल्या एका ठरावीक कोपऱ्यात उभे राहावे लागते. तसा उभा राहिलो.

"दादा, बर्फाचे मशीन चालू होईना."

मागून भावजींचा आवाज आला, "स्टार्ट आगवल्दु, भाव!" भावजी मूळचे धारवाडचे. एरवी ते इंग्रजी मिसळून बोलतात, पण अडचण आली की त्यांची कन्नड अस्सल धारवाडची होते.

मी कॉलेजात शिकवतो ती विद्या वेगळी. पण अडिकेच्या तोटात वाढलेल्या माणसाला रस्सी ओढून चालू करायचे इंजिन काही नवीन नसते, हे बहिणीला पक्के ठाऊक आहे. शिवाय प्रसंग तसाच होता. बाहेर बर्फ पडत होता, रात्रभर पडणार होता, आणि सकाळी सात वाजता भावजींच्या आईंना डायलिसिसला न्यायचे होते. आठवड्यातून तीनदा न्यावे लागते, चुकवून चालत नाही. गाडी घरातून रस्त्यापर्यंत काढायची तर वाट मोकळी हवी. त्यात नगरपालिकेचा नांगर रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटत जातो तो नेमका प्रत्येकाच्या दारासमोर बांधासारखा घट्ट बसतो. भावजींची कंबर दोन वर्षांपासून दुखते, फावडे हातात घ्यायची सोय नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे मशीन पाहिलेले नसेल. दिसायला गवत कापायच्या ढकलगाडीसारखे. पुढे आडवा फिरणारा रूळ असतो, त्याला रबराची पाती. ही पाती जमिनीला घासत फिरतात, बर्फ खरवडून वरच्या नळकांड्यातून लांब फेकतात आणि त्याच जोरावर मशीनही थोडे पुढे ओढले जाते. खरवडणे आणि फेकणे एकाच फेऱ्यात होते म्हणून याला एक टप्प्याचे मशीन म्हणतात. मोठ्या मशिनात फेकण्यासाठी आत वेगळा पंखा असतो. इंजिन मात्र आपल्या औषध मारायच्या पंपावर असते त्याच जातीचे.

त्या पंपावरूनच आमच्या घरात एक जुनी जखम आहे. मी धारवाडला एम.ए. करत होतो. मे महिन्याच्या शेवटी बाबांनी पंप बाहेर काढला. सप्टेंबरपासून तो गोठ्याच्या माळ्यावर होता. रस्सी ओढून ओढून बाबांच्या तळहाताला फोड आले. पंप दांडेलीला नेऊन दुरुस्त करून आणेपर्यंत पाऊस लागला, आणि तोही असा की दहा-बारा दिवस उघडीपच नाही. कोळे रोगावर बोर्डो मिश्रण मारायचे ते पाऊस जोर धरण्याआधी, घोस कोरडे असताना. पुढचा हात चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. शंभर लिटर पाण्याला किलोभर मैलुतुत्त आणि किलोभर सुण्ण, हे प्रमाण आमच्या घरात लहान मुलालाही पाठ होते. पण पहिलाच हात चुकला. श्रावणात हिरव्या सुपाऱ्या टपटप गळू लागल्या, त्यांच्यावर पांढरी बुरशी. बहीण तेव्हा शाळेत होती. आईबरोबर टोपल्या भरून ती सडलेली सुपारी तिने उचलली आहे. सोसायटीचे कर्ज त्या वर्षी थकले ते फिटायला पुढे तीन वर्षे लागली. आणि पंपाला झाले होते काय? काहीही मोडलेले नव्हते. टाकीत राहिलेले पेट्रोल आतल्या आत आटून चिकट झाले होते.

(जाता जाता सांगतो. या रोगाचा अभ्यास करून मैसूर संस्थानातल्या बागायतदारांना बोर्डो मिश्रण मारायला लावणारे डॉ. लेस्ली कोलमन मूळचे कॅनडाचेच. कोळे रोगावरचा त्यांचा अभ्यास 1910 साली प्रसिद्ध झाला. आपला भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता, पण औषधाने सरहद्द पाळली नाही.)

तर भावजींना मी पहिलाच प्रश्न विचारला, "टाकीतले पेट्रोल कधीचे?" उत्तर आले, गेल्या मार्चचे.

मशीन दोन सेकंद धडधडे आणि बंद पडे. चोक दिलेला, चावी लावलेली, रबरी फुगा दाबलेला, सगळे जागेवर. प्लग काढायला सांगितला. तो कोरडा निघाला. प्लग ओला असता तर ठिणगीचा संशय घेतला असता. कोरडा म्हणजे पेट्रोल आत पोचतच नाही. म्हणजे कार्बोरेटर.

इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण हे आता आपल्या घरीही होणार आहे. पेट्रोल नुसते उभे राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा डिंक होतो. बाबांच्या पंपाचे तेच झाले होते. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्या देशात 2022 साली पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळायचे उद्दिष्ट गाठले, 2025 मध्ये ते वीस टक्क्यांवर गेले. कॅनडातही मिसळतात. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलला सोबत घेऊन वेगळे होते आणि तळाशी बसते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा तळ म्हणजे नेमकी जेटची जागा. त्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. रोज चालणाऱ्या मोटारसायकलला याचा त्रास होत नाही, कारण तिच्यातले पेट्रोल टिकतच नाही. त्रास होतो तो वर्षातून चार महिने चालून आठ महिने झोपणाऱ्या मशीनला. आणि आमच्या जोयडा तालुक्यात पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते, तिथे टाकीतल्या पेट्रोलचे काय सांगावे!

भावजींनी गॅरेजचे दार वर केले, पेट्रोलचा कॉक बंद केला, खाली भांडे धरून वाटीचा बोल्ट काढला. बहीण मोबाइल धरून उभी. वाटीत पिवळट चिकट थर होता आणि तळाशी पाण्याचा थेंब मण्यासारखा फिरत होता. त्यांच्या मशिनात जेट त्या बोल्टमध्येच आहे. काहींत ते वर आत असते. साफ करायच्या औषधाचा फवारा घरात होता. विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार काढून भोकातून हलके फिरवायला लावली. पोलादी सुई घालू नये, भोक मोठे झाले की सगळे गणित बिघडते. वाटी परत बसवताना रबरी कडी पिळू दिली नाही. जुने पेट्रोल सगळे काढून ताजे घातले. तिसऱ्या ओढीला मशीन चालू झाले. आमच्याकडे आठ वाजले होते, चहा अंगणातच निवून गेला होता.

भावजी लगेच वाट साफ करायला गेले. बहिणीने फोन तसाच धरला होता म्हणून मला दिसले. ओला बर्फ नळकांड्यात अडकला, मशीन घरघरत होते आणि भावजींचा हातमोजा नळकांड्याकडे चाललेला. मी अंगणातून ओरडलो, "कै हाकब्याड्री!" शेजारची म्हैस दचकली, पण हात मागे आला. तिकडे दर हिवाळ्यात लोक याच जागी बोटे गमावतात. मशीन बंद करायचे, चावी काढायची, सगळे फिरणे थांबू द्यायचे, आणि मग लाकडी काठीने कोंडलेला बर्फ काढायचा. इंजिन बंद असले तरी हात घालायचा नाही. दार लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचे नाही, त्या धुराने माणूस झोपेतच जातो.

त्याच चित्रात मशीनमागे बोटभर बर्फ राहिलेला दिसत होता. रबराची पाती झिजून जमिनीपर्यंत पोचत नव्हती. पुढच्या आठवड्यात त्यांनी पाती बदलली, खालची प्लास्टिकची पट्टी बदलली, आणि हातात सापडल्यावर आतला ढिला बेल्टही. नळकांड्याला आतून स्वयंपाकाचे तेल चोळले तर ओला बर्फ कमी चिकटतो, हा शोध बहिणीचा. मशीन बंद करण्याआधी मिनिटभर नुसते चालू ठेवायचे, म्हणजे राहिलेला बर्फ झडून जातो आणि पाती गोठून बसत नाहीत, हा भावजींच्या शेजाऱ्याचा.

एप्रिलच्या शेवटी तिचा परत फोन आला. मशीन आत ठेवले म्हणाली. टाकी रिकामी केली, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे वाटीतलेही संपले. ऑइल बदलले. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडले आणि रस्सी दोनदा हळूच ओढली, सिलिंडरला गंज नको म्हणून. सगळे मी सांगितल्याप्रमाणे, परीक्षेतल्या उत्तरासारखे तिने म्हणून दाखवले. मग विचारले, "दादा, तोटातला पंप काढून बघितलास?"

"पेपर तपासायचे पडलेत गं. मे महिन्यात बघू."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबाही मे महिन्यातच काढायचे."

संध्याकाळी माळ्यावरून पंप उतरवला. टाकीचे झाकण उघडताच तो आंबूस वास आला. आत बोटभर पेट्रोल होते, गेल्या सप्टेंबरातले. आईला हाक मारून जुनी परात मागितली आणि पाना शोधायला लागलो.