चालायला निमित्त हवे

गेल्या आठवड्यात दवाखान्यात आलेल्या एका गृहस्थांना मी नेहमीचाच प्रश्न विचारला, "रोज चालता ना?" वय एकसष्ट, वीजगृहातली नोकरी करून निवृत्त झालेले, मधुमेह नऊ वर्षांचा. ते म्हणाले, "डॉक्टर, चार दिवस चाललो. पण वाटेत भेटेल तो विचारतो, कुठे निघालात? कुठेच नाही म्हटलं की माणसं येड्यासारखी बघतात. पाचव्या दिवशी गेलो नाही."

वाचकहो, मला हसू आले नाही. आपल्या गावांत माणूस कामाशिवाय चालत नाही. शेतावर जाईल, एस.टी. गाठायला पळेल, पण नुसता जाऊन परत येणार नाही. बायकांची अडचण तर त्याहून मोठी. आम्ही डॉक्टर मात्र चिठ्ठीच्या तळाला 'रोज ४० मिनिटे चालणे' लिहून मोकळे होतो.

मीही त्यातलाच. 2018 साली पन्नाशीला टेकलो होतो. उपाशीपोटीची साखर 116 आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी 6.1 आली. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. दिवसभर खुर्ची, आणि घर ते दवाखाना स्कूटर. इतरांना 'चाला' म्हणून लिहून देणाऱ्या हाताने स्कूटरची किल्ली काही सुटली नव्हती.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियाला गेलो. एका रविवारी तो मला पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत घेऊन गेला. झाडीत जागोजाग खांबांवर लोखंडी टोपल्या, वर साखळ्या लोंबत होत्या. लोक हातातली प्लास्टिकची चकती फेकत, पडेल तिथे जात आणि तिथून पुन्हा फेकत. चकती साखळ्यांवर आपटून टोपलीत पडली की पुढची टोपली. सर्वांत कमी फेकींत जो फेरी संपवील तो जिंकला. आपली विटी जिथे पडते तिथून पुढचा टोला मारतो, तसेच काहीसे. याला म्हणतात डिस्क गोल्फ.

पुढे कळले की मी या खेळाच्या जन्मस्थानीच जाऊन आलो होतो. फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी 1975 साली याच बागेत पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावरून भांडणे होऊ लागली, म्हणून साखळ्यांची टोपली आली. हेड्रिक 2002 साली वारले, आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून चकत्या बनवल्या गेल्या. असा वेडा माणूस! पण त्या वेडामुळे आज फिनलंडसारख्या थंड देशातही गावोगावी ही मैदाने आहेत, आणि बहुतेक ठिकाणी खेळायला पैसे पडत नाहीत.

माझी पहिली फेक झुडपात गेली. दुसरीही. खांद्याचा सगळा जोर लावत होतो, तिथेच चूक होती. चकतीला जोरापेक्षा गिरकी हवी. ती जितकी वेगाने स्वतःभोवती फिरेल तितकी हवेत सरळ राहते, आणि वेग मंदावला की उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली चकती डावीकडे कलून उतरते. हे मला समजावणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले होते. एक गुडघा बदललेला, तरी आठवड्यातून चार दिवस येत. या खेळाच्या स्पर्धांमध्ये चाळिशीपुढे वयाप्रमाणे वेगवेगळे गट असतात, अगदी ऐंशीच्या पुढच्यांचासुद्धा. तेव्हाच ठरवले, हा आपला खेळ.

येताना तीन चकत्या आणल्या. लांब पल्ल्याची पातळ काठाची, एक मधली आणि एक टोपलीजवळ वापरायची. वसाहतीच्या कडेच्या माळावर नऊ ठिकाणी बांबू रोवून त्यांवर जुन्या पाट्या बांधल्या. पहिले काही महिने मी एकटाच. "काय वो डॉक्टर, ताटली कुणावर भिरकावताय?" असे रस्त्यावरून विचारणारे बरेच होते. आता आम्ही सहा-सात जण आहोत. त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका आम्हा पुरुषांना दर रविवारी हरवतात. नऊ टोपल्यांच्या दोन फेऱ्या झाल्या की दीड तास जातो आणि चार हजारांवर पावले पडतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम सांगते. आमचे चालणे थांबत थांबत होते, त्यामुळे त्यातला सगळाच वेळ त्या हिशेबात धरता येत नाही. म्हणून अधल्यामधल्या दिवशी मी घाटाच्या चढाला भरभर अर्धा तास जातो. माझी साखर अजून काठावर आहे, पण काठ ओलांडलेला नाही.

कोकणात खेळायचे तर फुरशाचा विचार आधी करावा लागतो. चकती गवतात गेली की हात घालायचा नाही, आधी काठीने गवत हलवायचे. पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. मधुमेहींनी तर घरी आल्यावर तळपायही पाहायचे, कारण जखम झालेली त्यांना कळतेच असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाणही जास्त असते. तेव्हा आधी हात मोकळे करा, पहिले दोन आठवडे अर्ध्या ताकदीने फेका. चालताना छातीत दाटले तर खेळ तिथेच थांबवून डॉक्टर गाठा. पावसाळ्यात माळ बंद. तेव्हा पडवीत पाच पावलांवर टोपली ठेवून नेम धरतो. घरच्यांना त्याचा त्रास होतो, हे कबूल.

हल्ली गावोगावी उघड्यावर व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवतात. हेतू चांगला आहे, पण आपल्याकडच्या पावसात ती गंजतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांवर फक्त पोरे झोके घेताना दिसतात. त्या खर्चाच्या लहानशा भागात नऊ खांब आणि नऊ पाट्या उभ्या राहतील. ग्रामपंचायतींनी एखाद्या माळावर करून पाहावे. साठीच्या माणसाला क्रिकेट झेपत नाही, कबड्डी तर नाहीच, आणि आपण त्याला पत्त्यांखेरीज दुसरा खेळ दिलेला नाही.

ते एकसष्ट वर्षांचे गृहस्थ परवा रविवारी माळावर आले. पहिल्या टोपलीला त्यांना अकरा फेकी लागल्या, शेवटच्या टोपलीला पाच. जाताना, चिपळुणात ही चकती मिळते का, असे विचारत होते. मी शोधली, मला तरी मिळाली नाही. म्हणून माझी मधली त्यांना वापरायला दिली आहे. ती परत येण्याची लक्षणे दिसत नाहीत.