पायरी, पाहुणे आणि पॉलिसी



मुलाकडे कॅलिफोर्नियात गेले की टेबलावर साठलेली पत्रं वाचायचं काम मी आपणहून घेते. आयुष्यभर वह्या तपासल्या, त्यामुळे कागद दिसला की वाचायचा ही खोडच लागली आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या ढिगात घराच्या विमा कंपनीचं पत्र होतं. घर टेकडीला लागून, वणव्याचा धोका, म्हणून पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. तिथल्या कायद्याप्रमाणे असं पत्र निदान ७५ दिवस आधी द्यावं लागतं, ते त्यांनी दिलं होतं. तक्रारीला जागा नव्हती.

दुसरी कंपनी मिळेना. शेवटी मुलाने 'फेअर प्लॅन' घेतला. ज्यांना कोणी विमा देत नाही त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाने १९६८ साली ही सोय केली. कर्ज देणाऱ्या बँकेचं समाधान झालं आणि मुलगा निवांत झाला.

मी ती पॉलिसी वाचली. इंग्रजी किचकट, पण डिक्शनरी घेऊन बसले. आग होती, धूर होता, वीज पडणं होतं. चोरी नव्हती, फुटलेल्या नळाचं पाणी नव्हतं आणि 'लायबिलिटी' नव्हती. म्हणजे घराला आग लागली तर पैसे मिळणार, पण घरात आलेला माणूस पडला तर नाही. या उरलेल्या गोष्टींसाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. मुलगा म्हणाला, "घेतो गं आई, पुढच्या महिन्यात."

मागच्या डेकची एक लाकडी पायरी हलत होती, तीही 'पुढच्या महिन्यात'च्याच यादीत होती.

गणपतीत शनिवारी आरतीला पस्तीसेक माणसं आली. मुलाचा जुना मित्र प्रसादाची ताटली घेऊन डेकवरून उतरताना त्याच पायरीवर पडला. मनगट मोडलं, ऑपरेशन झालं. त्याची बायको मलाच धीर देत होती, "काकू, तुम्ही कशाला रडता?" आपली माणसं कुठे कोर्टात जातात, असं आम्ही सगळेच मनात म्हणत होतो.

आणि इथेच आपली समजूत तोकडी पडते. महिन्याभराने मित्राला त्याच्या आरोग्य विमा कंपनीचं पत्र आलं: कुठे पडलात, जागा कोणाची, मालकाचा विमा आहे का? हॉस्पिटलचं बिल कंपनी भरते, पण चूक दुसऱ्याची असेल तर ते पैसे तिकडून वसूल करता येतात का, हेही पाहते. मित्राच्या मनात काही नसलं तरी खोटं लिहिता येत नाही. तो बिचारा फॉर्म घेऊन आधी आमच्याकडे आला. त्या दिवशी चहा कोणी धड प्यायला नाही.

मग मी नातवाला हाताशी धरून कायदा शोधला. गंमत म्हणजे तोही १९६८ सालचाच. सॅन फ्रान्सिस्कोत एका घरी आलेल्या पाहुण्याचा हात न्हाणीघरातल्या नळाच्या तडकलेल्या चिनीमातीच्या मुठीने कापला. मूठ तडकलीय हे यजमान बाईंना माहीत होतं, घरमालकाला त्यांनी कळवलंही होतं, पाहुण्याला मात्र सांगितलं नव्हतं. 'रोलँड विरुद्ध ख्रिश्चन' या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की माणूस गिऱ्हाईक म्हणून आला की पाहुणा म्हणून, एवढ्यावरच जबाबदारी ठरणार नाही. वाजवी काळजी घेतली का, ते बघायचं. टेक्सासात अजून तो भेद पाळतात. कुत्रा चावला तरी तसंच: कॅलिफोर्नियात पहिल्याच चाव्याला मालक जबाबदार, टेक्सासात मालकाला कुत्र्याचा स्वभाव आधी ठाऊक होता का, याला महत्त्व. राज्य बदललं की नियम बदलतो. त्यामुळे डॅलसच्या भाच्याने फोनवर दिलेला सल्ला आमच्या उपयोगाचा नव्हता!

आमची पायरी म्हणजे तीच नळाची मूठ. हलते हे माहीत होतं. मी दोनदा बोलले होते. आरतीच्या दिवशी मात्र तिथे साधी खुर्ची आडवी ठेवायचं मलाही सुचलं नाही.

घराचा विमा काढा असं तिथलं कुठलंच राज्य सक्तीने सांगत नाही, सांगते ती बँक, आणि बँकेला तिच्या भिंतींची काळजी. तुमच्या पाहुण्याची चौकशी ती करत नाही. आपले लोक मात्र बँक गप्प बसली की सगळं झालं असं धरतात. लायबिलिटीचा विषय काढला की "आपल्यात कोण दावा लावतंय" म्हणून हसतात. मला वाटतं, हे हसणं चुकीचं आहे. नेहमीच्या घर-पॉलिसीत पाहुण्याच्या औषधपाण्याचा छोटा भाग असतो, तो चूक कोणाची हे न विचारता मिळतो. तो असता तर मित्राला आमच्या दारात फॉर्म घेऊन अवघडून उभं राहावं लागलं नसतं. मैत्रीवर विश्वास नाही म्हणून हा विमा घ्यायचा नसतो, मैत्रीवर बिलाचा भार पडू नये म्हणून घ्यायचा असतो.

मित्राने खरं तेच लिहिलं. त्याच्या खिशातून गेलेली रक्कम मुलाने दिली, ती घ्यायला तो आढेवेढे घेत होता. दावा लावायची तिथली मुदत दोन वर्षांची. सप्टेंबर २०२५ मध्ये ती संपली तेव्हा मुलाने मला फोन केला, बोलला मात्र हवापाण्याचंच. मीही विचारलं नाही.

पूरक पॉलिसी त्याने त्याच आठवड्यात घेतली होती. पायरी मी परत निघण्याआधी समोर उभं राहून बदलून घेतली. सुतार आला तेव्हा आधी विचारलं, "बाबा रे, तुझा विमा आहे का?" तो हसला आणि गाडीतून कागद काढून माझ्या हातात दिला. मी तोही वाचला.