पर्यावरणाचे पन्नास गुण

जागतिक पर्यावरण दिन दरवर्षी ५ जूनला येतो आणि महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. म्हणजे मुलांना निसर्गाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे साऱ्या जगाने ज्या दिवशी ठरविले, त्या दिवशी आपल्या शाळांत मुलेच नसतात. तरीही हा दिवस साजरा होतो. परिपत्रक येते, मुख्याध्यापक आणि दोन शिक्षक आवारात एक रोप लावतात, त्याचे छायाचित्र वरिष्ठांकडे रवाना होते आणि दप्तरी नोंद पडते. शाळा उघडून मुले येतात तेव्हा त्या रोपाची काय अवस्था असते, हे विचारण्याची पद्धत नाही. आपल्या राज्यातील पर्यावरणशिक्षणाचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर याहून चांगला नमुना शोधण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते.

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुकापूर लागते. काल-परवापर्यंत भातखाचरांचे असलेले हे गाव आज इमारतींनी भरले आहे. नव्या विमानतळाच्या प्रभावक्षेत्राचे नियोजन २०१३ मध्ये सिडकोकडे गेले, तेव्हापासून या साऱ्या टापूचा चेहरामोहरा पालटत आहे. जवळून माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी नदी वाहते. याच गाढीवरील देहरंग धरणाचे पाणी पनवेल शहर पिते. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे उजाडला की पनवेल परिसरात पाण्याच्या टँकरची वाट पाहावी लागते. हे कोडे दहा वर्षांच्या मुलाच्याही मनात येण्याजोगे आहे. परंतु त्याचे उत्तर सुकापुरातल्या मुलाला त्याच्या कोणत्या पुस्तकात, कोणत्या तासाला मिळते, असा प्रश्न कोणी केला तर सरकारच्या शिक्षणखात्याला निरुत्तर व्हावे लागेल.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, कागदावर पाहता महाराष्ट्राचे काम पुष्कळ आहे. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा या राज्याने १९६९ मध्येच केला. केंद्राचा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी आला. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये शिक्षण आणि वने हे दोन्ही विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत गेले, आणि त्याच दुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे राज्याचे धोरण व नागरिकाचे कर्तव्य ठरले. पुढे एम. सी. मेहता यांच्या अर्जावर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकविण्याचा निर्देश दिला. त्याच निकालात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या पाट्या पडद्यावर दाखवाव्यात, असेही सांगितले होते. पाट्यांचे काय झाले ते प्रेक्षक जाणतात. शाळांच्या बाबतीतही अंमलबजावणी इतकी रेंगाळली की न्यायालयाला २००३ मध्ये पुन्हा बजावावे लागले. त्यानंतर मात्र अभ्यासक्रम आले, पुस्तके आली, गुण आले. राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावाला २०२० मध्ये ‘वातावरणीय बदल’ ही शब्दयोजना जोडण्यात आली आणि त्याच वर्षीच्या गांधीजयंतीला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले.

या साऱ्यांत एक गोष्ट आम्हांला मनापासून आवडली, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. बालभारतीने तिसरीच्या वर्गासाठी परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले. नंदुरबारच्या मुलाला नंदुरबारचे, रायगडच्या मुलाला रायगडचे. आपल्या जिल्ह्यातल्या नद्या, डोंगर, पिके, रस्ते यांची नावे मुलाच्या हाती देणारे हे पुस्तक म्हणजे एका राज्य सरकारने पर्यावरणशिक्षणासाठी केलेले अस्सल काम होय. दिल्लीहून असले पुस्तक येणे शक्य नव्हते. ते राज्यालाच करता आले असते आणि राज्याने ते केले. दुर्दैव एवढेच की ही सोबत तिसरीतच सुटते. मूल जसजसे मोठे होते, तसतसे त्याचे पर्यावरण त्याच्यापासून दूर जाते. वरच्या इयत्तांत त्याला ॲमेझॉनचे जंगल, ध्रुवावरचे बर्फ आणि ओझोनचा थर भेटतात. गाढी भेटत नाही, आणि कासाडीही भेटत नाही.

कासाडीचे उदाहरण मुद्दाम देतो. तळोजे औद्योगिक वसाहतीच्या बाजूने जाणारी ही नदी पनवेल तालुक्यातच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये या भागात निळ्या रंगाचे कुत्रे हिंडताना दिसले आणि त्यांची चित्रे जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. चौकशीअंती एका कारखान्याच्या रंगद्रव्यांकडे बोट गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद करविला. परदेशातील वाचकाला जी नदी या निमित्ताने ठाऊक झाली, तिच्या पाण्यात काय मिसळते, ते मोजतात कसे, मोजणारे मंडळ कोणते आणि त्याला अधिकार काय, हे दहा किलोमीटरांच्या आतल्या शाळेत शिकविले जात नसेल तर पर्यावरणशिक्षण म्हणजे नेमके काय शिकविणे, याचा खुलासा कोणीतरी करावयास हवा.

अकरावी-बारावीला हा विषय आज ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या नावाने सक्तीचा आहे. बारावीला त्याचे मूल्यमापन ५० गुणांचे आहे. मंडळाची लेखी परीक्षा नाही. प्रकल्प आणि कार्यपुस्तिका यांवर महाविद्यालयातच गुण दिले जातात. योजना मुळात चांगली. परीक्षेचा धाक काढून मुलांना हिंडू द्यावे, पाहू द्यावे, लिहू द्यावे, हाच तिचा हेतू असला पाहिजे. प्रत्यक्षात काय घडते ते आमच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही, कारण त्यांच्याच घरात ते घडते. प्रकल्पाची वही जानेवारीत आठवते. एकाची वही दहा जण उतरवितात. ‘ध्वनिप्रदूषण’ या विषयावरील तीच पाने, तीच चित्रे, तीच ऋणनिर्देशाची वाक्ये वर्षानुवर्षे फिरत राहतात. दिवसभर खाजगी शिकवणीत अडकलेल्या मुलाला नदीकाठी पाठविण्याची कल्पना पालकांनाच मानवत नाही. आणि पन्नासांपैकी पंचेचाळीस तर मिळतातच, मग तक्रार तरी कोणी करावी? सरकार, शाळा, पालक आणि विद्यार्थी या चौघांच्या संमतीने चाललेला असा दुसरा व्यवहार शिक्षणक्षेत्रात क्वचितच सापडेल.

शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. पण या विषयासाठी स्वतंत्र शिक्षक असतो कोठे? ज्याचे तास भरत नाहीत त्याच्या वेळापत्रकात हा विषय टाकला जातो. तो कधी भूगोलाचा असतो, कधी जीवशास्त्राचा, कधी त्याचा या विषयाशी काडीचाही संबंध नसतो. ज्याने स्वतः कधी पाण्याचा नमुना घेतला नाही किंवा पक्ष्याची नोंद केली नाही, त्याने मुलांना ते शिकवावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या वर्गासाठी जो सहामाही अभ्यासक्रम ठरविला, त्यात पन्नास तासांपैकी पाच तास प्रत्यक्ष क्षेत्रभेटीचे होते आणि शंभरांपैकी पंचवीस गुण त्यांना दिले होते. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे डॉ. इराच भरुचा पुण्याचेच. जवळची नदी किंवा डोंगर पाहून या, जवळचे एक प्रदूषित ठिकाण पाहून या, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पंचेचाळीस तास उरकले गेले. ते पाच तास किती महाविद्यालयांत खरोखर झाले, हे प्रत्येक प्राचार्याने स्वतःशीच विचारून पाहावे.

पैशाची कथा तर फारच लहान आहे. राष्ट्रीय हरित सेनेची योजना केंद्राने २००१-०२ मध्ये आणली. महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागाकडे आली आणि जिल्ह्यातील निवडक शाळांत हरित सेनेचे गट स्थापन झाले. प्रत्येक गटाला वर्षाचे अनुदान होते अडीच हजार रुपये. पुढे ते पाच हजार झाले. सुकापूरहून कर्नाळा पक्षी अभयारण्य म्हणजे तासाभराचा प्रवास. १९६८ पासून राखलेले ते रान आहे. पण एका वर्गाला बसने तेथे नेऊन आणावयाचे म्हटले की वर्षाचे सारे अनुदान त्या एका दिवसात खर्ची पडते. मग दुर्बीण कोठून आणावयाची, पक्ष्यांचे पुस्तक कोठून घ्यावयाचे? शिवाय नेणार कोण? फेब्रुवारी २०१६ मध्ये याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलींच्या अटी, हमीपत्रे आणि परवानग्या यांचे जाळे दाट होणे स्वाभाविक होते. त्याबद्दल सरकारला बोल लावता येणार नाही. परंतु समुद्रस्नानाची सहल आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावरील ओढ्याची पाहणी या दोहोंना एकच मोजपट्टी लावल्यामुळे, जोखीम नको म्हणून मुख्याध्यापक मुलांना फाटकाबाहेरच काढीत नाहीत. हा फरक परिपत्रकातल्या एका परिच्छेदाने करता येईल. त्याला पैसाही लागणार नाही.

हा सारा प्रपंच केवळ एका शालेय विषयाचा असता तर आम्ही त्यासाठी पहिले पान अडविले नसते. सुकापूरच्या पूर्वेला प्रबळगडाचा माथा दिसतो. त्याच डोंगररांगांत खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे नंतर सरकारनेच सांगितले. शाळेत पर्यावरण नीट शिकविले असते तर ती रात्र टळली असती, असे म्हणणे उद्धटपणाचे होईल आणि आम्ही ते म्हणत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. यादीत नाव नाही म्हणून डोंगर थांबत नाही. यादी तयार करणारी यंत्रणा प्रत्येक उतारावर पोचू शकत नाही, पण शाळा मात्र वाड्यापाड्यांपर्यंत पोचली आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असेल, मुले रोज सकाळी त्याचे आकडे फळ्यावर लिहीत असतील, डोंगराला नवी भेग पडली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले तर त्याचा अर्थ काय, हे त्यांना ठाऊक असेल, तर त्या फळ्याचा उपयोग तहसीलदारालाही होईल. पर्यावरणशिक्षणाचा हा अर्थ निबंधस्पर्धेत आणि शपथेत हरवला आहे.

प्रांतिक सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. न्यू जर्सी या राज्याने २०२० मध्ये ठराव करून हवामानबदलाचे शिक्षण बालवाडीपासून बारावीपर्यंत लागू केले. सप्टेंबर २०२२ पासून ते वर्गात आले. त्यांनी स्वतंत्र विषय काढला नाही. विज्ञान, समाजशास्त्र, कला, शारीरिक शिक्षण, परकीय भाषा अशा विषयांतच तो गुंफला आणि शाळांना तयारीसाठी राज्याच्या तिजोरीतून अनुदान दिले. त्यांची संपत्ती आपल्यापाशी नाही हे खरे. परंतु त्यांच्यापाशी जिल्हावार तिसरीचे पुस्तक नव्हते, ते आपल्यापाशी आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचे अभ्यासक्रम आणि पुस्तके बदलण्याचे काम चालूच आहे. त्या फेरबदलात तिसरीचे जिल्ह्याचे पुस्तक गळू देऊ नये. उलट आठवीत आणि अकरावीत त्याचा पुढचा भाग यावा, आणि तो तालुक्याच्या व नदीच्या खोऱ्याच्या पातळीवर असावा. तो पुण्यात बसून लिहिता येणार नाही. तालुक्यातील शिक्षक, वनखात्याचे कर्मचारी आणि जुने शेतकरी यांना एकत्र बसवून तो लिहून घ्यावा लागेल. दहा-बारा शाळांच्या एका केंद्राला या विषयाचा एक प्रशिक्षित शिक्षक नेमावा आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम, विशेषतः निवडणुकीचे आणि सर्वेक्षणाचे, सोपवू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याची जी तपासणी करते, तिचे आकडे मराठीत आणि आठवीच्या मुलाला समजतील अशा शब्दांत त्या त्या नदीकाठच्या शाळांकडे दर महिन्याला पाठवावेत. बारावीच्या पन्नास गुणांपैकी निम्मे तरी आपल्याच परिसरात घेतलेल्या नोंदींवर द्यावेत आणि दुसऱ्या महाविद्यालयाच्या शिक्षकाकडून त्या तपासून घ्याव्यात. उतरविलेली वही परक्या डोळ्यांना चटकन ओळखू येते.

यातील शेवटच्या दोन गोष्टींना अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागणार नाही. सचिवांच्या सहीने त्या होऊ शकतात. यंदा शाळा उघडतील तेव्हा गाढीला पहिले गढूळ पाणी आलेले असेल. ते गढूळ का झाले, ती माती कोणत्या उतारावरून आली आणि देहरंगच्या तळाशी किती साचली, एवढा एकच धडा सुकापूरच्या एका वर्गाने नदीकाठी उभे राहून शिकावा, आणि त्या वर्गाला तेथे नेणाऱ्या शिक्षकाकडे कोणी खुलासा मागू नये, एवढी व्यवस्था शिक्षणमंत्र्यांनी जूनच्या आत करून दाखवावी.