साठीनंतरचा बेस्ट टाइम आणि चेंबरची जाळी

फ्रान्समध्ये रोबेर मार्शाँ नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १९११ चा, उंची जेमतेम पाच फूट. तरुणपणी त्यांना सांगण्यात आलं की या अंगकाठीवर सायकलिंगमध्ये तुझं काही होणार नाही. मग आयुष्यभर मिळेल ते काम केलं. अग्निशमन दल, कॅनडात लाकूडतोड, भाजीचा मळा, वाइनची विक्री. सायकलकडे नीट वळले ते सत्तरीला टेकल्यावर. २०१२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, ट्रॅकवर एका तासात २४ किलोमीटर आणि वर थोडं अंतर कापलं. जगाने टाळ्या वाजवल्या. इथपर्यंतची गोष्ट व्हॉट्सॲपवर बऱ्याच जणांनी वाचली असेल.

मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. २०१४ मध्ये, १०२ व्या वर्षी, हाच माणूस पुन्हा ट्रॅकवर आला आणि तासात २६.९२७ किलोमीटर गेला. म्हणजे दोन वर्षांनी म्हातारा झाला आणि अडीच किलोमीटरने वेगवान झाला! व्हेरोनिक बिया या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बाईंनी मधल्या काळात त्यांच्या सरावाला शिस्त लावली होती. वर्षाला साधारण ५००० किलोमीटर. त्यातलं ८० टक्के अगदी आरामात, २० टक्के चांगला दम लागेल असं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचं माप असतं, ते ३१ वरून ३५ वर गेलं. पायांची ताकद ९० वॅटवरून १२५ वर. हृदयाचे कमाल ठोके मात्र होते तेवढेच राहिले. १०५ व्या वर्षी पुन्हा उतरले तेव्हा २२.५४७ किलोमीटर झाले. वय शेवटी आपला वाटा घेतंच, पण वयाला आपण समजतो तेवढी घाई नसते.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की डिसेंबरात मी माझी दोनशेची बीआरएम ११ तास २० मिनिटांत केली. वय ६३. पाच वर्षांपूर्वी, ५८ चा असताना, पहिली केली होती तेव्हा १३ तास ५ मिनिटं लागली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बीआरएम ही शर्यत नाही. २००, ३००, ४००, ६०० किलोमीटर अशी अंतरं, प्रत्येकाला वेळेची मर्यादा, दोनशेला साडेतेरा तास. पहिला-दुसरा नंबर नसतो. हेल्मेट, पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टरचं जॅकेट सक्तीचं. मागे गाडी घेऊन कुणी येत नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं. वेळेत पोहोचलात की झालं. त्यामुळे तिथे स्पर्धा असलीच तर स्वतःच्या जुन्या वेळेशी, आणि म्हणून हा खेळ आमच्या वयाला फार मानवतो.

आता माझी पावणेदोन तासांची 'प्रगती' कुठून आली ते सांगतो, कारण लोक लगेच "काका, काय खाता?" विचारतात. रूट होता पुणे ते पाचगणी आणि परत. जाताना खंबाटकी आणि पसरणी हे दोन घाट. पहिल्या वेळी प्रत्यक्ष सायकल चालवायला पावणेदहा तास लागले होते, थांबण्यात तीन तास वीस मिनिटं गेली. या वेळी चालवायला नऊ तास पाच मिनिटं, थांबणं सव्वादोन तास. म्हणजे एक तास पाच मिनिटं वाचली ती ढाब्यावरच्या चहात आणि गप्पांत. पायांनी कमावलेली फक्त चाळीस मिनिटं. लांब अंतराचं हेच गंमतशीर आहे. पंचविशीतली पोरं खंबाटकी आमच्या पुढे सर्रकन चढतात आणि वाईत सावलीत पाय पसरून बसलेली सापडतात. पाणी कधी प्यायचं, तहान लागायच्या आधी किती प्यायचं, घाटात पहिल्या वळणाला जोर न लावता कसं राहायचं, हे वय वाढतं तसं जमत जातं.

बाकी ती चाळीस मिनिटंही फुकट आली नाहीत. आठवड्यात तीन दिवस शेजारच्याशी बोलता येईल अशा वेगाने, एक दिवस बोपदेव घाट, जीव खाऊन. दोन दिवस घरी उठाबशा आणि वजनं, कारण नुसत्या सायकलने हाडं बळकट होत नाहीत. सायकलवर शरीराचा भार हाडांवर येतच नाही. गुडघ्यांना हे वरदान, हाडांना नाही. गुडघे झिजतील ही भीती बहुतेक वेळा सीटची उंची नीट केली की जाते. आपल्याकडे सीट इतकी खाली ठेवतात की पाय सरळच होत नाही, मग गुडघ्यावर वाटीपाशी दुखणारच. आणि हो, सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी, स्ट्रेस टेस्ट. यात फाजील आत्मविश्वास नको.

पण मला खरं तर शरीराबद्दल लिहायचंच नव्हतं, रस्त्याबद्दल लिहायचं होतं.

मार्शाँ यांचा विक्रम बंदिस्त लाकडी ट्रॅकवर झाला. तिथे मागून डंपर येत नाही. आमचा सराव होतो सातारा रस्त्यावर. माझ्या वयाच्या माणसाला तरुणापेक्षा नेमकं काय कमी असतं? दम मिळवता येतो, ताकद थोडीफार मिळवता येते. तोल सावरायचा क्षण मात्र उशिरा येतो, अंधारात दिसायला वेळ लागतो, मान मागे पूर्ण वळत नाही आणि पडलो की हाड जुळायला दुप्पट वेळ लागतो. या चारही गोष्टी रस्त्याशी संबंधित आहेत. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ, वय ६७, सहाशेची बीआरएम ३८ तासांत पूर्ण केलेला माणूस, शहरातल्या एका साध्या उतारावर पडले. कशामुळे? चेंबरच्या लोखंडी जाळीमुळे. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने उभे बसवलेले, दोन गजांमधली फट टायरपेक्षा रुंद. पुढचं चाक आत, माणूस बाहेर. कॉलरबोन मोडलं, चार महिने घरी. तीच जाळी नव्वद अंशांत फिरवून बसवली असती तर काहीही झालं नसतं. खर्च शून्य रुपये.

हमरस्त्यावरचे रम्बलरचे पट्टे घ्या. या काठापासून त्या काठापर्यंत बसवतात. कडेला फूट-दीड फूट मोकळं सोडलं तर सायकल त्यातून जाते. सोडत नाहीत. साईडपट्टीवर वाळू, काचा, फुटलेल्या टायरच्या तारा. सर्व्हिस रोड पुलापाशी अचानक संपतो आणि सायकलवाला थेट ट्रकच्या लेनमध्ये. परतीला खंबाटकीचा बोगदा आणि त्यानंतरचं ते इंग्रजी एस अक्षरासारखं वळण, तिथे किती अपघात झालेत हे सातारा-पुण्याच्या माणसाला मी सांगायला नको.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की, अहो, लाखाची सायकल घेऊन रविवारी फिरणाऱ्या रिटायर्ड लोकांसाठी आता रस्ते बदलायचे का? सरळ प्रश्न आहे. उत्तरही सरळ आहे. पहाटे पाच वाजता या, शिरवळच्या अलीकडे उभे राहा. आमच्यासारखे दहा-वीस दिसतील, आणि त्यांच्या कितीतरी पट दिसतील कंपनीच्या शिफ्टला निघालेले, दुधाच्या किटल्या अडकवलेले, रात्रपाळी करून परतणारे सिक्युरिटीवाले. काळी सायकल, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर फुटलेला. त्यांत साठीचे किती तरी असतात. रोज वीस-पंचवीस किलोमीटर. कुणी त्यांचा टाइम मोजत नाही, कुणी पदक देत नाही. जाळीत त्यांचंही चाक अडकतं, फक्त त्यांना चार महिने घरी बसणं परवडत नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनने मला पहिल्यांदा सायकल काढताना पाहून विचारलं होतं, "साहेब, गाडी बिघडली का?" त्याच्या दृष्टीने सायकल ही नाइलाजाची गोष्ट. तो स्वतः सायकलवरच येतो.

पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं हे आता फक्त भाषणात येतं. २०१७-१८ मध्ये ॲपवरच्या सायकली आल्या, काही काळातच दिसेनाशा झाल्या. जे ट्रॅक बांधले त्यांच्यावर दुचाकी उभ्या असतात, नाहीतर ट्रॅक मध्येच झाडाला किंवा डीपीला जाऊन धडकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलं झालं. सायकल स्वस्त झाली. चालवायची कुठे?

बायकांचं तर याहून अवघड. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत एकटीने पूर्ण केलं, तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या, दोन मुलांच्या आई. सायकलिंग सुरू केलं होतं चाळिशीच्या आसपास, आजारपण आणि नैराश्यातून बाहेर पडण्यासाठी. तेव्हा बायकांना जमत नाही हा विषयच संपला. तरी आमच्या ग्रुपमध्ये पन्नाशीपुढच्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. विचारलं तर पहिलं कारण ट्रॅफिक सांगत नाहीत. दोनशे किलोमीटरमध्ये स्वच्छ, आतून कडी लागणारं टॉयलेट किती ठिकाणी मिळतं, हे सांगतात. एका ताई मुद्दाम पाणी कमी पितात. उन्हात दहा-बारा तास सायकल चालवणाऱ्या बाईने पाणी कमी पिणं म्हणजे काय, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा.

घराघरात बीपी-शुगरच्या गोळ्यांचे डबे आहेत. आरोग्य शिबिरं होतात, ज्येष्ठांना "चाला, व्यायाम करा" म्हणून सांगितलं जातं, आणि मग त्याच ज्येष्ठाला फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर सोडून दिलं जातं. घरचेही काळजीने थांबवतात. माझी मुलगी म्हणते, "बाबा, तुमच्या पायांवर माझा विश्वास आहे, मागून येणाऱ्या गाडीवर नाही." तिला काय उत्तर देणार?

म्हणून एक करा. उद्या घरातून निघाल्यावर कोपऱ्यावरच्या चेंबरची जाळी बघा. गज रस्त्याच्या दिशेने असतील तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या. फोनवर नको, लेखी. आवक क्रमांक घ्या. आम्ही सात जणांनी मिळून आमच्या भागातल्या अकरा जाळ्यांचे अर्ज दिले. चार फिरवून बसवल्या. सात बाकी आहेत, सोमवारी पुन्हा जाणार आहे.